पेज, मऊ भात आणि बारा नमस्कार

मराठीत डोळा 'लवतो'. लवणे म्हणजे वाकणे, किंचित नमणे. पाते लवते न लवते तोच, असे म्हणून क्षणाचे माप म्हणूनही आपण हाच डोळा वापरतो. संस्कृत नाटककारांनी त्याला शुभाशुभाचा अर्थ देऊन ठेवला आहे. 'शाकुंतला'तील उदाहरण आम्ही दोघी वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो: पहिल्या अंकात आश्रमात पाऊल टाकताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो, आणि पाचव्या अंकात राजसभेत शकुंतलेचा उजवा डोळा लवतो. स्त्रीचा उजवा, म्हणजे अशुभ. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला शकुंतलेच्या आधी कळते. मुलांना हे फार आवडते. पुढच्या तासाला कोणीतरी हमखास सांगतो, "मॅडम, सकाळपासून माझा पण लवतोय."

२०१८ साली आमच्यापैकी एकीचा डावा डोळा लवू लागला. स्त्रीचा डावा, म्हणजे शुभ. आळीतल्या एका काकूंनी तर बढतीचे पेढे आगाऊच मागितले. महिनाभराने तो लवणे थांबवीना. मग खालची पापणी, मग गाल, मग ओठाचा डावा कोपरा अशी ती ओढ खाली उतरत गेली. बोलता बोलता चेहऱ्याची डावी बाजू मूठ आवळावी तशी आवळली जाई आणि डोळा मिटे. झोपेतही ती थांबत नसे, हे घरच्यांनी सांगितले तेव्हा कळले. पेढ्यांचा विषय मागे पडला. "वारं गेलं की काय?" असे दबक्या आवाजात विचारले जाऊ लागले. वारे जाणे म्हणजे पक्षाघात. त्यात स्नायू निकामी होतो. इथे तर स्नायू नको तितके काम करीत होता.

शिक्षकाचा चेहरा हे त्याचे निम्मे उपकरण असते. मर्ढेकरांवर गंभीरपणे बोलत असताना प्राध्यापिकेने मागच्या बाकाकडे पाहून डोळा मारला, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? आम्ही एकमेकींच्या तासांना बाहेर उभ्या राहून पाहिले आहे. वर्ग हसत नसे. वर्ग खाली पाहत असे, आणि ते अधिक जिव्हारी लागे. पुढे २०२० साली टाळेबंदी आली, मुखपट्ट्या आल्या, कॅमेरा बंद ठेवून शिकवणे आले. त्या भयंकर काळात आमच्यापैकी एका व्यक्तीला मनातून सुटल्यासारखे वाटत होते, हे आज लिहायला हरकत नाही.

आजाराचे नाव हेमिफेशियल स्पॅझम. मराठी प्रतिशब्द शोधण्याचा उद्योग आम्ही केला आणि सोडून दिला. 'अर्धमुख-आकर्ष' असले काही घडवले तर ते फक्त आम्हीच वापरू. कारण मात्र मराठीत सोपे करून सांगता येते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी मज्जातंतू मेंदूच्या देठातून जिथे बाहेर पडते, तिथे एखादी रोहिणी तिला टेकून बसते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिथे घासते, टोचते, आणि त्या तंतूचे वेष्टण झिजून संदेश भलतीकडे फुटू लागतात. बोटुलिनम विषाची टोचणी, विद्यार्थ्यांच्या भाषेत बोटॉक्स, हा त्यावरचा तात्पुरता उपाय. तो तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा मुंबईची गाडी. कायमचा उपाय शस्त्रक्रियेचा: कानामागे कवटीला लहानशी खिडकी पाडून, सूक्ष्मदर्शकाखाली ती रोहिणी तंतूपासून अलग करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. पीटर जॅनेटा या अमेरिकन शल्यविशारदाने १९६०च्या दशकापासून ही पद्धत रुजवली, तेव्हा त्याच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. तव्यावरचे टेफ्लॉन डोक्यात गेले यावर आमच्याकडे व्हायचे ते सर्व विनोद होऊन गेले आहेत.

ही शस्त्रक्रिया २०२३च्या दिवाळीच्या सुटीत मुंबईत झाली आणि चांगली झाली. ती करणाऱ्यांविषयी आम्हांला कृतज्ञताच आहे. या लेखाचा विषय तिच्यानंतरचा आहे. पुन्हा चालणे, पुन्हा वाकणे, पुन्हा चढणे, म्हणजे व्यायामाकडे परत येणे, ही गोष्ट मराठीत इतकी अवघड का व्हावी, हा तो विषय. डॉक्टरांचे क्षेत्र डॉक्टरांपाशी. आमचे म्हणणे भाषेविषयी आहे, आणि त्या मर्यादेत ते ठाम आहे.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर औषधांची दीड पाने होती. व्यायामाविषयी एक ओळ होती, इंग्रजीत. तिचा आशय असा की जड वस्तू उचलू नयेत आणि नेहमीचे व्यवहार हळूहळू सुरू करावेत. 'हळूहळू' हे क्रियाविशेषण आहे. ते गती सांगते, पायऱ्या सांगत नाही. कुठून सुरुवात, किती, कशानंतर काय, केव्हा थांबावे, यांतले काहीच त्यात नाही. आणि 'नेहमीचे व्यवहार' म्हणजे कोणाचे? शस्त्रक्रियेपूर्वी आमच्यापैकी ही एक पहाटे मारुती मंदिरापासून थिबा पॉइंटपर्यंत जाऊन येई, रविवारी रत्नदुर्ग चढे आणि घरी बारा सूर्यनमस्कार घाली. हे तिचे नेहमीचे. तो कागद तिच्यासाठी लिहिलेला नव्हता. तो कोणासाठीच लिहिलेला नव्हता.

ती ओळ घरी आली आणि तिचे मराठी भाषांतर एका शब्दात झाले: "जप."

'जपणे' या क्रियापदाविषयी आम्हांला थोडी तक्रार आहे. त्यात माया आहे हे मान्य. पण ते वस्तूंचे क्रियापद आहे. आपण काचेचे सामान जपतो, दागिना जपतो, आठवण जपतो. जपलेली गोष्ट कपाटात असते. माणसाला जपायचे म्हटले की त्यालाही हलता येत नाही. सासूबाई जप म्हणाल्या, आत्या म्हणाल्या, शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अगो, मेंदूचं ऑपरेशन ते. बसून रहा हो सहा महिने." या सर्वजणी प्रेमाने बोलत होत्या. त्यांतल्या दोघी तर रोज जेवण पाठवीत होत्या.

आणि त्या जेवणातच आम्हांला आमचा मुद्दा सापडला. पहिल्या दिवशी पेज आली. दोन दिवसांनी मऊ भात, वर तूप-मीठ आणि मेतकूट. मग मुगाच्या डाळीची पातळ आमटी, मग पोळीचा कुस्करा, मग पोळी-भाजी, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी आमच्याकडे ज्याला खरे जेवण म्हणतात ते. कोणी कोणाला सूचना दिल्या नव्हत्या, कागदावर लिहिलेले नव्हते. दोन वेगळ्या घरांतून येणारे डबे एकाच क्रमाने पुढे सरकत होते. आजारातून उठणाऱ्या माणसाला अन्नाकडे कसे परत न्यायचे याची पायरी न् पायरी आमच्या बायकांच्या हातांत आहे आणि प्रत्येक पायरीला नाव आहे. आयुर्वेदात याला संसर्जन क्रम म्हणतात: वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस आणि शेवटी नेहमीचा आहार, शोधन किती झाले त्यावर दिवस कमी-अधिक. संज्ञा वैद्यांची असेल, पण तिचा आचार कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात आजही चालू आहे.

मग व्यायामाची पेज कोणती? त्याचा मऊ भात कोणता?

हा प्रश्न आम्ही विनोदाने विचारला आणि मग तो आमच्या मागेच लागला. शरीर कमावण्याविषयी मराठीत लिहिलेले काही कमी नाही. बडोद्याच्या मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार हे जीवितकार्य मानले आणि आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. दंड, जोर, बैठका, जोडी, करेला, मल्लखांब, लेझीम: शब्दांचे भांडार भरलेले आहे. आणि आमच्या गावापुरते बोलायचे तर टिळक आहेतच. १८५६ साली ज्या घरात त्यांचा जन्म झाला ते टिळक आळीतले घर आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना दाखवतो आणि ती गोष्ट सांगतो: कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून प्रकृती कमावण्यात घालवले, परीक्षेत नापास झाले आणि त्याची खंत केली नाही.

गोष्ट खरी आहे आणि प्रेरकही आहे. पण ती निरोगी होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची आहे. व्यायामाविषयीचे आपले जे गद्य मनात रुजले आहे ते बहुतेक याच वळणाचे: संकल्पाचे, व्रताचे, निग्रहाचे. त्यात संख्या पूर्ण करायची असते. खंड पडला तर तो दोष. उलट आजाराविषयीचे आपले गद्य करुण किंवा कृतज्ञ असते. निदान, वेदना, शस्त्रक्रिया, देवासारखे डॉक्टर, आणि "हळूहळू मी बरी झाले" या वाक्यावर प्रकरण संपते. तेच ते 'हळूहळू'. अपवाद आहेत. पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी' मूत्रपिंडारोपणाचा सगळा व्याप ज्या विनोदबुद्धीने आणि तपशिलाने सांगते त्याला आमच्या वाचनात तोड नाही, आणि ते अभ्यासक्रमात अधिक यावे असे आम्हांला वाटते. पण एकूण चित्र असे की एका बाजूला आखाडा, दुसऱ्या बाजूला खाट. मधल्या ओसरीवर कोणी बसून लिहिलेले नाही.

ललिता पवार यांचे उदाहरण आम्हांला या संदर्भात वारंवार आठवले. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, तीनेक वर्षे उपचारांत गेली आणि डाव्या डोळ्यात व्यंग कायमचे राहिले. नायिकेची कारकीर्द संपली. त्यानंतर त्याच डोळ्यासह त्यांनी हिंदी-मराठी पडद्यावरची सासू उभी केली, १९५९च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा उभी केली, दूरदर्शनच्या 'रामायणा'तली मंथरा केली. हे सर्वांना ठाऊक आहे. अपघात ठाऊक आहे, पुनरागमन ठाऊक आहे. मधल्या तीन वर्षांत त्या रोज सकाळी आरशासमोर काय करीत असतील? एक गाल हलत नाही म्हणून हातांनी हलवीत असतील का? पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर हसल्या तेव्हा किती हसल्या? त्यांचा आजार वेगळा होता, आमचा वेगळा. पण शिकवण्यासारखा जो भाग, तो दोन्हीकडे कथेच्या बाहेर राहतो. आणि तो बाहेर राहतो म्हणून पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते.

आता घरात काय घडले ते सांगतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

तिसऱ्या आठवड्यात आमच्यापैकी जी बरी होती ती भेटायला गेली. दुपारची वेळ. जिला चालायला जायची घरातून बंदी होती, जिला अंगणाच्या फाटकापर्यंत जायचे म्हटले तर कोणीतरी सोबत येत असे, ती मोरीपाशी वाकून पाण्याने भरलेली बादली उचलत होती. ओले कपडे पिळून झाले होते. गॅसचे सिलिंडर तिनेच सकाळी कडेला सरकवले होते. "अगं, हे काय करतेस?" असे विचारले तर घरच्या सर्वांनी, आणि तिनेही, आश्चर्याने पाहिले. व्यायाम ती करीतच नव्हती! ती नुसती घरातले आवरत होती.

शल्यविशारदांनी ज्याला मनाई केली होती ते हेच. पहिले काही आठवडे जपायची असते ती कानामागची जखम आणि मेंदूभोवतीच्या द्रवाला धरून ठेवणारे आवरण. श्वास कोंडून जोर केला, खाली वाकून ओझे उचलले, शौचाला कुंथले, की डोक्यातला दाब वाढतो आणि तो द्रव झिरपण्याचा धोका असतो. म्हणून शिंकदेखील तोंड उघडे ठेवून द्यायची. सपाट जमिनीवर चालणे मात्र पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाच्या व्हरांड्यात सुरू करून दिले होते. चालल्याने बोळा सरकेल का, असे आम्ही भीत भीत विचारले होते. तो तसा सरकत नाही, असे उत्तर मिळाले होते. म्हणजे जे करायचे ते बंद होते आणि जे टाळायचे ते बिनबोभाट चालू होते. का? कारण चालणे हा 'व्यायाम' आणि बादली हे 'काम'. व्यायाम ही बाईची हौस, ती सहा महिने थांबू शकते. काम थांबू शकत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, हे पुन्हा सांगतो. दोष असलाच तर एका शब्दाच्या अर्थाचा होता. तालमीतून आलेल्या 'व्यायाम' या शब्दात मोरी, विहीर, पाटा-वरवंटा कधी आलेच नाहीत. "आमच्या वेळी घरकाम हाच व्यायाम होता" असे अभिमानाने म्हणणाऱ्या पिढीनेही तो मोजला नाही. मोजला असता तर बाळंतपणानंतर आणि शस्त्रक्रियेनंतर तो कमी करण्याची भाषा घडली असती. डॉक्टरांचे 'जड वस्तू उचलू नये' हे वाक्य ऐकताना आमच्या मनात आले ते जिममधले लोखंड. बादली जड असते, हे आम्हां दोन भाषाशिक्षिकांच्याही लक्षात आले नाही.

त्या दुपारी आम्ही वही काढली.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत परवानगी मिळाल्यावर, डिसेंबर संपता संपता, आम्ही दोघी भाट्याच्या पुळणीवर जाऊ लागलो. ओहोटीची वेळ पाहून, कारण तेव्हा ओली वाळू घट्ट आणि सपाट असते. सुरूच्या बनाच्या सुरुवातीपासून चालत सुटायचे आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की परत फिरायचे. हे माप आमचे नव्हे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितले आहे आणि अर्धी शक्ती संपल्याची सुश्रुताने दिलेली खूण म्हणजे तोंडावाटे येणारा श्वास. आजचे डॉक्टर सांगतात की चालताना सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे. दोन्ही मापे एकच. आम्ही तर मराठीच्या प्राध्यापिका. आमची वाक्ये लांब असतात, त्यामुळे माप जरा कडकच झाले.

पहिल्या दिवशी आठ मिनिटे. मान वळवून समुद्राकडे पाहिले की तोल जाई, म्हणून समुद्र उजवीकडे ठेवून जायचे आणि परतताना तो आपोआप डावीकडे येई. मान न वळवता दोन्ही वेळा तो डोळ्याच्या कडेला दिसे. असल्या गोष्टी कोणी सांगत नाही. जखमेच्या बाजूची मान ताठ असते, वाऱ्याने कानात दडा बसतो, टोपी जखमेवर घासते आणि ओढणी घासत नाही. आम्ही हे सगळे लिहून ठेवले. आठवड्याने दहा मिनिटे, मग पंधरा.

आणि पाचव्या की सहाव्या दिवशी, पुळणीवरून परतताना, डावा डोळा लवला.

एकदाच लवला. आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. शस्त्रक्रियेनंतर काही जणांची ओढ लगेच थांबते, काही जणांची थांबायला आठवडे, महिने लागतात. दुखावलेला तंतू सावरायला वेळ घेतो आणि म्हणूनच वर्षभर तरी निष्कर्ष काढू नये, असे आम्हांला तपशिलाने सांगितलेले होते. आम्हांला ते पाठ होते. पण त्या क्षणी दोघींच्याही मनात आले ते एकच: चाललो म्हणून झाले. आज जरा जास्त चाललो. काकू सांगत होत्या ते खरे.

घरी येऊन चार दिवस चालणे बंद. त्या चार दिवसांत डोळा दोनदा लवला, एकदा वर्तमानपत्र वाचताना आणि एकदा काहीच न करता. तरीही चालण्यावरचा संशय जाईना. तेव्हा आमच्या ध्यानात आले की शकुंतलेच्या प्रेक्षकांत आणि आमच्यात काडीचाही फरक नव्हता. रोहिणी आणि तंतू यांचे चित्र आम्ही काढून दाखवू शकत होतो, आणि तरी डोळा लवला की आम्ही शकुन वाचत होतो. फक्त शुभाशुभ देवाकडून व्यायामाकडे सरकले होते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला व्यायामाची भीती वाटते ती कष्टाची नसते. आपल्याच शरीराच्या बारीकसारीक खुणांचा काय अर्थ लावावा, ही ती भीती असते. ज्या भाषेत या खुणांसाठी शकुनाखेरीज दुसरे वाङ्मय नाही, त्या भाषेत शिकलेला माणूसही शकुनच वाचणार. पाचव्या दिवशी आम्ही वहीत दोन रकाने केले, चाललेली मिनिटे आणि लवलेला डोळा, आणि पुन्हा पुळणीवर गेलो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिला रकाना वाढत गेला आणि दुसरा रिकामा पडत गेला. एका वहीने शास्त्र सिद्ध होत नाही; आमची भीती मात्र तिने मोडली.

१६ फेब्रुवारी २०२४ला रथसप्तमी होती. महाविद्यालयाच्या मैदानावर सामूहिक सूर्यनमस्कार होते. तीन महिने पूर्ण होत आले होते आणि वाकण्याची परवानगी नुकतीच मिळाली होती. आमच्यापैकी एकीने तीन नमस्कार घातले आणि ती बाजूला जाऊन बसली. चौथ्याला डोके खाली जाताना कानामागे जडपणा वाटला, एवढेच. एका तरुण सहकाऱ्याने उत्साहाने हाक दिली, "मॅडम, बारा तरी पूर्ण करा!" त्याला शस्त्रक्रिया ठाऊक होती, म्हणूनच त्याला वाटत होते की बारा पूर्ण झाले म्हणजे मॅडम बऱ्या झाल्या. तीन या संख्येला त्याच्या मनात जागा नव्हती. पेजेवरून थेट श्रीखंड-पुरी.

आमच्या एका स्नेह्यांनी या लेखाचा कच्चा खर्डा वाचून विचारले की हे सगळे फिजिओथेरपिस्टचे काम असताना भाषेच्या लोकांनी त्यात का पडावे. प्रश्न रास्त आहे. फिजिओथेरपिस्ट आमच्या शहरात आहेत आणि ज्याला शक्य आहे त्याने जरूर जावे. परवानगी तर शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच द्यायची असते. पण तो आठवड्यातून एकदा अर्धा तास भेटतो. उरलेला सगळा वेळ माणूस भाषेत राहतो, सासूबाईंच्या, काकूंच्या, स्वतःच्या. त्या भाषेत 'जप' आणि 'बारा पूर्ण करा' यांच्यामध्ये काही नसेल तर सल्ला कितीही उत्तम असो, घरात तो या दोहोंपैकी एकात विरघळून जातो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे कथा-कविता लिहिणार नाहीत. पण अनुवाद करतील, आरोग्य केंद्रांची पत्रके लिहितील, रुग्णालयांच्या कागदांचे मराठी करतील. पारिभाषिक शब्द घडवण्यावर आपण अनुवादाच्या पेपरात पुष्कळ वेळ देतो. 'नेहमीचे व्यवहार हळूहळू सुरू करावेत' या एका वाक्याचे दहा वाक्यांत मराठी करा, असा प्रश्न एकदा घालून पाहावा. आम्ही यंदा अंतर्गत परीक्षेत घातला. एका मुलीने लिहिले, 'पहिल्या आठवड्यात रिकामी कळशी, दुसऱ्या आठवड्यातही रिकामीच.' तिला पूर्ण गुण दिले.

रत्नदुर्ग एप्रिलमध्ये झाला, पहाटे, उन्हाच्या आधी, तीन वेळा बसून. भगवतीच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा आमच्यापैकी जी कधीही आजारी नव्हती तिलाच जास्त धाप लागली होती. असो.

गेल्या महिन्यात लांज्याहून एक बाई भेटायला आल्या. त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्या रुग्णालयात, आणि त्यांच्या कागदावरही तीच इंग्रजी ओळ आहे. त्या शेतीवाडीतल्या; त्यांचे 'नेहमीचे' म्हणजे उतारावरून पाणी आणणे, गवताचा भारा, म्हशीचे शेण. आमची वही त्यांना देऊन उपयोग नव्हता, कारण त्यांच्या दारात पुळण नाही, जांभ्याचा चढ आहे. मग आम्ही तिघी ओसरीवर बसलो आणि त्यांच्या घरापासून सुरुवात केली: पडवी, तुळस, गोठ्याचे दार, बांध, पऱ्या. प्रत्येक ठिकाणापुढे आठवडा लिहायचा, आठवडे त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारून भरायचे. ओझ्याची वेगळी यादी केली. तिच्यात पहिली कळशी, ती भरलेली की अर्धी यावर बराच वेळ बोलणे झाले. कागदाच्या डोक्यावर काय लिहावे हे मात्र ठरेना. 'व्यायाम' म्हटले तर घरचे फाडून टाकतील, असे त्या म्हणाल्या, आणि 'काम' म्हटले तर सगळे आजच करायला लावतील. शेवटी त्यांनीच पेन घेतले आणि वर 'पथ्य' असे लिहिले.